दोन किलोमीटर जास्त

"टेलर, तू लबाडी करतोस," मास्तर म्हणाले. दोघं रोज बरोबरीने सायकल चालवत आणि नाक्यावरून आपापल्या घराकडे वळत. घरंही नाक्यापासून सारखीच लांब. तरी महिनाभर मोबाइलमधल्या सायकलच्या नोंदीत रोज टेलरचे दोन किलोमीटर जास्तच!

"पायांत दम असावा लागतो, मास्तर," टेलर हसला.

आज चोर पकडायचाच म्हणून मास्तर घरापाशी पोचताच माघारी वळले. टेलर त्यांच्याच गल्लीच्या तोंडाशी उभा होता.

"तू इथे?"

"गेल्या महिन्यात चक्कर येऊन पडलात ना? तुमचं फाटक वाजल्याशिवाय मला घरी जाववत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तर नाक्यावर ओरडले, "लबाडा, आजही तूच पुढे राहणार!"

आणि घरी पोचल्यावर त्यांनी फाटक मुद्दाम जोरात लावलं.