सिंह-सूर्याचं पदक

इराणी पदकं जमवून दुरुस्त करणाऱ्या रणजितला इंदापूरच्या भंगारात सिंह-सूर्याचं पदक सापडलं. दहा वर्षं तो तेच शोधत होता. पण काजळी काढताना मागं कोरलेली अक्षरं दिसली: 'सावळाराम, निरवांगी'. मग त्याला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी त्यानं निरवांगी गाठलं. सावळारामची म्हातारी लेक द्वारकाबाई ओसरीवर भाजी निवडत होती. पदक हातात घेऊन तिनं कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "लढाईत इंग्रजांच्या पलटणीतनं इराणला गेलं हुतं आबा. तिथल्या शहानं दिलेल्या पदकावर त्यांनी नाव कोरून घेतलं, पण येताना ते इंदापुरात हरवलं. गावानं त्यास्नी जलमभर थापाड्या ठरवलं." "मला द्याल का?" हा ओठांवरचा प्रश्न रणजितनं गिळला. "तुमचंच हाय, आजी." ती अनवाणीच पाराकडं निघाली, रणजित मागोमाग. पारावरच्या सर्वांत थोरल्या म्हाताऱ्यापुढं तिनं मूठ उघडली. त्यानं चष्मा पुसून अक्षरं वाचली. "द्वारके, तुझं आबा खरं बोलत हुतं."