दुप्पट दाब

भावनाने बॉयलर काठोकाठ भरला, तिरपा करून आतला एक बुडबुडा निघू दिला आणि पुन्हा भरला. तांब्याचा तो बॉयलर जेवणाच्या डब्याएवढा होता. शहात्तर वर्षांच्या कमळाकरकाकांना तो करायला दोन वर्षं लागली होती. उद्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्यावर त्यांचं छोटं वाफेचं इंजिन चालायचं होतं. पण दाबाच्या चाचणीच्या कागदावर विज्ञानाच्या मॅडमची, म्हणजे भावनाची, सही असेल तरच.

खर्डीचा पंक्चरवाला पंढरी मदतीला म्हणून टेम्पोतून कंप्रेसर घेऊन काकांच्या अंगणात आला होता. पण तो कोणी चालू करू दिला नव्हता.

“हवेनं दोन मिनटात झालं असतं,” तो म्हणाला. “पाणी कशाला उगाच?”

“पाणी भरलं तर फुटल्यावर गळतं,” भावना म्हणाली. “हवा भरली तर उडतं.”

“आन सहा किलो दाब कशाला?” काकांनी विचारलं. “मी तीनवरच चालवणार.”

“तीनवर चालवणार म्हणूनच चाचणी दुप्पट, सहावर, काका.”

ती हातपंपाचा दांडा सावकाश दाबत राहिली. दाबमापकाचा काटा तीनवर आला, चारवर आला. साडेचारला धुराड्याच्या जोडातून केसाएवढी बारीक धार निघाली आणि थेट पंढरीच्या शर्टावर गेली.

पंढरीने शर्टाकडे पाहिलं. मग कंप्रेसर ढकलत फाटकापर्यंत नेला.

“आंघोळ झाली, आता चहा घे,” काकांची बायको सकुबाई कप घेऊन घरातून बाहेर येत म्हणाली.

काका हसले नाहीत. अंगठ्याने जोड पुसत राहिले. शाळेच्या दारावर ‘चालतं वाफेचं इंजिन’ असा फलक कालच लागला होता. भावनानेच तो रंगवला होता.

“तीनला थेंबही नव्हता,” ती हळूच म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं.

काकांनी कागदावर तळहात ठेवला.

“नको, मॅडम. भातसा धरणाच्या गेटवर मी ड्युटीला होतो, तेव्हा तुम्ही सातवीत असताना तुमची सहल परत पाठवली होती. पत्रावर शिक्का नव्हता.”

“आठवतंय. आम्ही रस्त्याकडेला बसून पुरी-भाजी खाल्ली. सगळ्या मुली तुम्हाला खडूस म्हणाल्या.”

“ऐकू आलं होतं मला.” हात कागदावर तसाच होता. “मग आता माझंच बिनशिक्क्याचं कसं चालवू?”

त्यांनी पाणी ओतून टाकलं, जोड घासून साफ केला, गॅसची बत्ती पेटवली आणि चांदीचा डाग वितळवून जोडाची फट बुजवली. बॉयलर गार व्हायला दुपार झाली. भावनाने पुन्हा काठोकाठ पाणी भरलं, पुन्हा बुडबुडा काढला. या वेळी दांडा काकांनी दाबला.

काटा सहावर थांबला.

“आता दहा मिनिटं काटा खाली येता कामा नये,” भावना म्हणाली.

पंढरी तुळशीवृंदावनाच्या आडून मोबाइलवर वेळ बघत होता. सकाळी सांडलेल्या पाण्यात एक कोंबडी येऊन चोच बुडवून गेली. काटा हलला नाही.

“झाली,” पंढरी म्हणाला आणि आडोशातून बाहेर आला.

भावनाने सही केली. खाली ‘पुढील चाचणी’च्या रकान्यात पुढच्या वर्षीची तीच तारीख घातली. काकांनी कागद लांब धरून वाचला.

“पुढल्या साली परत?”

“दर वर्षी.”

काकांनी कानामागची सुतारी पेन्सिल काढली आणि घराच्या दाराशेजारच्या भिंतीवर ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली.

“सकू,” ते म्हणाले, “दिवाळीला रंग दिलास तरी एवढं सोडून दे. त्या दिशी मॅडम येणार हायत, आन मी घरीच असणार हाय.”