नववा डबा

नेपाळातल्या मुक्तिनाथचा चढ लागायच्या आधी फूलमाया पुनने आपल्या जीपचं ऑइल तपासलं, तर ते खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. दुकानदार साहुजीने एक डबा पुढे केला. तिने सीटखालून जुना रिकामा डबा काढला आणि दोन्हींवरचं एकेक अक्षर ताडून पाहिलं.

"माझ्या डिझेल इंजिनाच्या ऑइलच्या डब्यावर ही अक्षरं नाहीत, साहुजी. दुसरा द्या."

"ऑइल ते ऑइल, बहिनी! धड वाचता येत नाही आणि तोरा केवढा!"

जीपमधले प्रवासी हॉर्न वाजवू लागले.

"वाजवा! वर इंजिन बसलं तर ढकलायचंय तुम्हालाच!" म्हणत ती डबे ताडत राहिली. नवव्या डब्यावर अक्षरं जुळली.

ती निघाली, तसा साहुजी हळूच म्हणाला, "बहिनी, तो रिकामा डबा इथे ठेवून जातेस? मी आजवर डब्याचा रंग बघूनच देत आलोय."