दोन कानांतले टाळ

"घाल कानले," भिलाआबा म्हणाले आणि त्यांनी हेडफोन नवनीतपुढे धरला. "आते तूच आयक, आनि तूच सांग."

नवनीत खाटेच्या कडेला अवघडून टेकला. चुलतभाऊच, पण या ओट्यावर तो कैक वर्षांनी चढला होता. धानोऱ्याच्या मंदिरात आज सप्ताहाची सांगता होती. काल्याच्या कीर्तनाला थोडाच अवकाश होता आणि महाराजांनी निरोप धाडला होता, टाळकऱ्यांच्या दोन्ही रांगांना आज आपापले म्होरके हवेत. डावीकडे भिलाआबा, उजवीकडे नवनीत. पूर्वीसारखे. भिलाआबांची अट एकच होती. नवनीतने आधी चूक कबूल करावी.

चूक जुनी होती. अशाच एका सप्ताहात ऐन गजरात लय पडली. महाराजांनी हात वर करून गजर थांबवला. साऱ्या गावादेखत भिलाआबा बोलून गेले, "या नवनीतना टाळ झोपी जास."  नवनीतने टाळ घरी नेला आणि खुंटीला टांगला. मग भिलाआबांनीही टांगला. तेव्हापासून धानोऱ्यात कीर्तनं झाली, पण गजराला पाय उचलले गेले असं झालं नाही.

त्या दिवसाची सीडी भिलाआबांनी जपून ठेवली होती. रेकॉर्डिंगवाल्याने दोन्ही रांगांशी एकेक माइक टांगला होता. हेडफोन घालून बसलं की आपण महाराजांच्या जागी उभे. डाव्या कानात डावी रांग, उजव्या कानात उजवी. मुलाने तेच कीर्तन मोबाइलवर घेऊन स्पीकरला लावून दिलं होतं. भिलाआबांनी दोन मिनिटं ऐकून हात जोडले. "भाऊ, हाई ते वरणभात कालवी टाका तुमीनी. कोनता टाळ कोनता कानमा शे, काय समजस?"

म्हणून तो जुना चपटा सीडी प्लेअरच खरा. झाकणाला रबर बांधलेलं. तो चालू असला की घरात कोणी पाय आपटून चालायचं नाही, नाहीतर महाराज एकाच शब्दावर अडकत. प्लेअर उशाच्या उजव्या बाजूला असे, म्हणून हेडफोनच्या एकाच बाजूला जोडलेली वायरही उजव्या खांद्यावरून. हेडफोनचा स्पंज झडून गेला तेव्हा सून काजलने जुन्या मऊ लुगड्याच्या दोन खोळी शिवून चढवल्या होत्या. पण आवाज? मृदंगावर पडलेली थाप बोटांसकट ऐकू येई.

आणि रोज उजव्या कानातला टाळ मागे पडे. भिलाआबांची खात्री रोज नव्याने पक्की होई. दोघांचे गळे असे सारखे, की फोनवर घरचेही फसत. त्यामुळे आवाजावरून ओळख पटायची नाही. पण रांग कुठे लपते? एक गोष्ट मात्र त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. लय पडण्याच्या आधी थोडा वेळ दोन्ही कानांतले टाळ अगदी एकदम पडत, जणू एकाच माणसाचे दोन हात. तेवढा भाग ते पुन्हा पुन्हा मागे घेऊन ऐकत. डोळे पुसत. मग पुढची चूक ऐकून पुन्हा रागावत.

नवनीतने हेडफोन उलटसुलट करून पाहिला, खोळीवरून बोट फिरवलं आणि घातला. वायर त्याच्या डाव्या खांद्यावर आली.

"उलटा घालेल शे रे तू," भिलाआबा हसले.

"चालस भाऊ. आयकू येस ना."

तो ऐकत राहिला. बोटं गुडघ्यावर ठेका धरू लागली. मग चेहरा उजळला. ती एकदम पडणारी जागा आली असावी. मग बोटं थांबली. त्याने भिलाआबांकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हेडफोन काढून हळूच गोधडीवर ठेवला.

"तुन्हं खरं शे, भाऊ. मीच मांगे पडनू." तो उठला. "चाल, टाळ काढ. मी म्होरे व्हस."

भिलाआबा जिंकले. पण छाती फुगायची ती फुगेना. ज्याने एवढी वर्षं हे ऐकून घेतलं नाही, तो आज एवढ्या पटकन कसा वाकला? त्यांनी हेडफोन उचलला आणि नवनीतने ठेवला तसाच, वायर डावीकडे येऊ देत, कानांवर चढवला.

काजल टाळ पुसून घेऊन आली. "आबा, आज बरोबर घालं तुमीनी!" ती म्हणाली. तिने वायरच्या बाजूच्या खोळीची कड वर करून खालचं 'एल' अक्षर पाहिलं. "वायरनी बाजू डावा कानले ऱ्हास. मन्ही खोळमा अक्षर झाकाई जायेल व्हतं, मन्हाबी ध्यानमा नही ऱ्हायनं."

भिलाआबांनी बटण दाबलं. टाळ एकदम पडले, पडत राहिले. मग एक मागे पडला.

डाव्या कानात.

मंदिरात मृदंगाला कणीक लागली होती. रांगा लागल्या होत्या. डावीकडची पहिली जागा गावाने मोकळी ठेवली होती. भिलाआबा तिच्यावरून पुढे गेले, महाराजांच्या मागून वळले आणि उजव्या रांगेत नवनीतच्या पाठीशी उभे राहिले.

नवनीत वळला आणि डावीकडे बोट दाखवत कुजबुजला, "भाऊ, तुन्ही जागा तथी शे."

"वायर डावा कानले ऱ्हास ना रे?" भिलाआबांनी टाळाची दोरी बोटांना गुंडाळली. "मंग आज तू लय धर. मी तुन्हा मांगे."