पक्की शाई

२००९च्या मंदीत दुबईजवळच्या उम्म अल कुवैनमधला शाईचा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. तेवढ्यात अफगाणिस्तानातल्या निवडणुकीसाठी, मतदारांच्या बोटाला लावायच्या शाईची ऑर्डर आली. केमिस्ट प्रमिलाने जीव ओतून पक्की शाई बनवली आणि सगळ्यांच्या नोकऱ्या वाचल्या.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी पॅकिंगमधली अफगाण झरमीना मोबाइल कानाला लावूनच लॅबमध्ये धावत आली.

"मॅडम, ही शाई कशाने निघते? आईने काल काबूलला मत दिलं. आमच्या गावाच्या वाटेवर तालिबानी बोटं तपासतात. शाई दिसली की बोटच कापतात."

प्रमिलाला तिच्याकडे बघवेना. "कशानेच नाही निघत गं. आईला म्हणावं, महिनाभर काबूल सोडू नका."

"मॅडम, ती बसमधूनच बोलतेय. बस आत्ताच कुणीतरी अडवलीय."