पाठ लागली का?

"पैलवान, पाठ लागली का?" नर्स विजयमालाबाईंनी दारातूनच विचारलं.

"माजी पाठ आजवर कुनाच्या बाला लावता आल्याली न्हाई," नाथाजी खाटेवरून गुरगुरला. विजयमालाबाई "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. हे रोजचंच होतं.

उसाची गाडी अंगावर उलटून नाथाजीची मांडी मोडली होती. सातारच्या दवाखान्यात त्याचा पाय फळीला बांधून, वजन लावून टांगून ठेवला होता. उताणं पडून राहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं होतं, याला रोज उचलून धरा, पाठीला स्पिरिट चोळा, पावडर लावा, चादर बदला. सुरुवातीला ते झालंही. मग जर्मनच्या लढाईनं निम्म्या नर्सा लष्करी इस्पितळात नेल्या. उरलेल्यांनी कामाला कात्री लावली, आणि ही कात्री नेमकी तिथं लागते, जिथं डॉक्टर वाकून बघत नाहीत. चोळायच्या जागी चौकशी आली. अंथरुणानं कातडं सोललं की दवाखान्यात त्याला पाठ लागली म्हणत. तालमीत पाठ लागली म्हणजे काय, हे पुण्याहून आलेल्या बाईंच्या गावीही नव्हतं.

तालमीत पाठ लागली म्हणजे माणूस चीत झाला, हरला. आणि नाथाजीच्या बाबतीत तर ते जुनं गळू होतं. रहिमतपूरच्या जत्रेत त्याची आणि शेजारच्या गावच्या गुंडा पैलवानाची कुस्ती लागली होती. दोघं मातीत गरागरा फिरले, धुरळा उडाला, आणि पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. गुंडा तेव्हापासून चावडीवर सांगत होता, पाठ लागली होती, पंच आंधळे होते. नाथाजी सांगत होता, न्हाई लागली. यापायी दोन गावांतल्या सोयरिकी मोडल्या, बाजारात डोकी फुटली. आणि आता ही कोण कुठली बाई अख्ख्या वॉर्डादेखत रोज तेच विचारत होती. हिला गुंडानंच पढवून पाठवलंय, अशी नाथाजीची खात्री झाली होती.

पाठीची आग मस्तकात जात होती. अंगात ताप मुरला होता. तरी तो ब्र काढत नव्हता. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा असाच पाठ सडून, विष अंगात भिनून मेला होता. नाथाजीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी नाही. माणसाचा ताठा कधी कधी त्याच्या अकलेपेक्षा दांडगा असतो.

गुंडा आला तो खास डोळे निववायला. फेटा सावरत तो खाटेपाशी उभा राहिला.

"तुला उताना बघाय आलोय," तो म्हणाला. "लय वर्सं वाट बघितली."

"बघ आनि चालता हो."

गुंडा हसणार, तोच त्याच्या नाकाला वास झोंबला. सडक्या खांद्याच्या बैलाजवळ येतो तसला. त्यानं काही न विचारता नाथाजीच्या पाठीखाली हात खुपसला. नाथाजीनं त्याचं मनगट धरलं, पण त्या पकडीत आता जीव नव्हता. हात बाहेर आला तो रक्तापुवानं भरूनच.

गुंडा तसाच बाईंसमोर जाऊन उभा राहिला. "आवं बाई, त्येची पाठ सडलीया. तुमी करता काय हितं?"

बाई तडकल्या. "मी रोज विचारते, पाठ लागली का म्हणून. तोच नाही म्हणतो. हात लावायला गेलं तर अंगावर येतो. एवढ्या खाटा आणि मी एकटी, कुणाकुणाशी झोंबी घेऊ? त्यानं एकदा लागली म्हणावं, आत्ता डॉक्टरांना घेऊन येते."

विचारायला नुसतं तोंड लागतं, बघायला वाकावं लागतं. गुंडाच्या तोंडावर हे आलंच होतं. पण बाई रोज काय विचारतात ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि तो गपकन थांबला. हात धोतराला पुसत तो खाटेकडं परत आला.

"नाथा, ती जत्रंतलं इचारत न्हाई रं. कातडं सोललंय का, येवडंच इचारतीया. लागली म्हन आनि मोकळा हो."

"तुज्यादेखत?" नाथाजी म्हणाला. "त्यापरास मेल्यालं बरं."

"खाटंनं लावलीया तुजी पाठ, म्या न्हाई. आपलं भांडान हाय तसंच ऱ्हातंय."

नाथाजी खरोखरच मेला असता, हे गुंडाला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या जागी तो स्वतःही मेला असता. हा एक शब्द या तोंडातून ऐकायला त्यानं उमेदीची सगळी वर्षं घालवली होती. आता तो शब्द ओठांवर आला होता, आणि अडला होता तो त्याच्याचपायी. वॉर्डाबाहेर जावं तर हा म्हणणार, भिंतीआड उभा राहून ऐकतोय.

तोवर बाई खाटेपाशी आल्या. या खेपेला त्या दारात थांबल्या नाहीत. "काय पैलवान, पाठ लागली का?"

गुंडानं भिंतीकडं तोंड फिरवलं. आणि नाथाजीला नीट दिसेल अशा बेतानं आपल्या कुस्तीत मोडलेल्या कानांवर दोन्ही हात गच्च दाबून धरले.

"लागली," नाथाजी म्हणाला.