दोन व्रण

दाराबाहेर चपलांचा ढीग होता, आणि त्यात पुरुषाची एकही नव्हती. तेवढ्यानं तारामतीचं समाधान होणार नव्हतं. चपला काय, आतही काढता येतात. तिनं पदर खोचला आणि अर्धवट उघड्या दाराआड उभी राहिली.

तिची पोरगी शिवलीला आत होती. बारावीचं वर्ष, सीईटी तोंडावर आलेली, आणि ही बया दर रविवारी ट्युशनची टेस्ट संपली की घरी यायचं सोडून इथं, सौदामिनी मॅडमच्या खोलीवर. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या. इंग्रजीचे मार्क डॉक्टरकीला धरत नाहीत, हे लातुरात शेंबडं पोरही सांगेल. मग एवढा वेळ कशासाठी?

तारामती ट्युशनच्या पोरींसाठी मेस चालवायची. परक्या पोरींची सगळी लफडी तिला पोळ्या लाटता लाटता कळायची, आणि स्वतःच्या पोरीचं काही कळत नव्हतं. परवा शिवलीलाच्या दप्तरात इंग्रजी झेरॉक्सची पानं सापडली. वर एक काळी, पोटुशी बाई काढलेली. तारामतीनं ती कंधारच्या उजमापुढं धरली. उजमा मेसवर जेवायला होती, आणि इंग्रजीत हुशार.

"कविता हायेत, काकू," उजमा म्हणाली. "बायकांच्या. अंगाबद्दल, पोटाबद्दल, गाव सुटल्याबद्दल."

"कुठल्या बायकांच्या?"

"वेस्ट इंडीजच्या."

नवरा मन्मथ शेजारीच जेवत होता. "तिथं क्रिकेट खेळतेत की," एवढं बोलून त्यानं पुढचा घास घेतला. त्या माणसाला कशाचा म्हणून संशय येत नसे. घरातला सगळा संशय तारामतीलाच करावा लागायचा.

आतून मॅडमचा आवाज आला. "यांच्या आज्या-पणज्या उसाच्या मळ्यात राबायला बोटीतून नेलेल्या."

तारामतीनं कान टवकारले. ऊसतोडीला बीडकडच्या बायका जातात, हे तिला ठाऊक होतं. ट्रकनं जातात, ट्रॅक्टरनं जातात. बोटीनं न्यायला हा कुठला कारखाना म्हणावा?

"कुणाला आफ्रिकेतून बांधून नेलं, कुणाला आपल्या मुलखातून फसवून," मॅडम सांगत होत्या. "गाव परत दिसलं नाही. शेत नाही, देव नाही. सोबत आलं ते फक्त स्वतःचं अंग. म्हणून त्यांच्या नाती अंगाविषयी लिहितात. आज तुम्हीही आपापल्या आईच्या अंगाविषयी लिहून आणणार होतात."

तारामतीनं पोटावरचा पदर सारखा केला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. भूकंपात तिचं गाव गेलं, आणि गावासोबत तिची दोन्ही लेकरं गेली. मूल न होण्याचं ऑपरेशन तर आधीच झालेलं. मग सरकारी दवाखान्यात पोट पुन्हा उघडून नस जोडली, तेव्हा कुठं शिवलीला झाली. पोर कळती व्हायच्या आत तारामतीनं नवऱ्याला लातूरला आणलं. आपण कुणाच्या तरी बदली आलोय, हे तिला गावातल्या कुणी ऐकवू नये, एवढ्यासाठी. पोटावरच्या व्रणांचं विचारलं, तर पत्रा पडला होता असं ती सांगायची. आणि तेवढ्यावर विषय संपायचा, असा तिचा समज होता.

"शिवलीला, वाच."

शिवलीला उठली.

"आईच्या पोटावर दोन व्रण.
एक दार लावल्याचा, एक उघडल्याचा.
मी उघडलेल्या दारानं आले.
माझ्या आधी इथं दोघं राहून गेली.
दादाचं नाव भीमाशंकर, ते आत्यानं सांगितलं.
ताई, तुझं नाव विचारलं
की सगळे पाणी प्यायला उठतात."

तारामतीच्या हातून दार ढकललं गेलं. पोरी वळून बघायला लागल्या.

"कोण पाहिजे?" मॅडमनी विचारलं.

शिवलीलाचा चेहरा उतरला. "आई, अभ्यास झालाय माझा समदा."

तारामती तिला दंडाला धरून न्यायला आली होती. ती उंबऱ्यातच बसली.

"आत्या कधी बोलली तुला?"

"उमरीला लग्नाला गेलो होतो, तवा. पण मला आधीपासूनच शंका होती. पत्रा पडल्यावर व्रण इतके सरळ नसतेत, आई. आम्हाला बायॉलॉजी हाय." शिवलीला जवळ येऊन बसली. "ताईचं नाव तेवढं आत्या सांगंना. तू शपथ घातलीस म्हणं."

"घातली."

"का?"

इतकी वर्षं तारामती पोरीवर पहारा करत होती, आणि पोर तिच्याच पोटावरचं सगळं वाचून मोकळी झाली होती. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त हलकं वाटलं.

"तुला वाटलं असतं, माझ्या आईला मी नको होते, तीच पायजे होती," ती अखेर म्हणाली. "लई भ्याले गं मी."

"मला तसं वाटत न्हाई." शिवलीलानं तिचा हात हातात घेतला. "पण तिला हाक मारायची झाली तर काय म्हणून मारू? काय होतं तिचं नाव?"

या वेळी पाणी प्यायला कुणी उठलं नाही. तारामतीनं पदरानं डोळे पुसले.

"तिचंच नाव तुला ठिवलं, माय."